उजव्यांचा शब्द

इस्माईल पेंटर अर्थ कळल्याशिवाय अक्षर काढत नाही. पाटी दुकानाची असो, दवाखान्याची असो, नाहीतर लॉजची, गिऱ्हाइकानं कागदावर लिहून दिलेला शब्द तो डोळ्यांपासून हातभर लांब धरतो, मान तिरकी करून बघतो आणि विचारतो, “अर्थ काय याचा?” अर्थ सांगितला की दुसरा प्रश्न येतो, “मूळ काय?” या दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक गिऱ्हाइकं पळून जातात. मला पळता आलं नाही, कारण माझा धंदाच इंग्रजी शिकवण्याचा आहे.

आता ‘इंग्रजी शिकवतो’ हे मी जरा जपूनच म्हणतो. सोलापुरात अशोक चौकात एका चादरीच्या दुकानावर माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. त्याआधीची बावीस वर्षं मी औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलो. आत गेल्यावर ‘गुड मॉर्निंग सर’ आणि बाहेर पडताना ‘थँक यू सर’, एवढ्या इंग्रजीवर घर चाललं. नोकरी सुटली तेव्हा बायको, म्हणजे सुनंदा, म्हणाली, “तुम्हाला दुसरं येतं काय?” मी मनातल्या मनात यादी करायला घेतली. ती सुरू व्हायच्या आधीच संपली. म्हणून क्लास काढला.

क्लासचं पहिलं नाव होतं ‘परफेक्ट इंग्लिश’. त्याचा आठ फुटी फ्लेक्स करून घेतला. फ्लेक्सवाल्यानं नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला. मी तो रिक्षात बसून पाहिला, स्वतःचा फोटो बरा आलाय एवढी खात्री केली आणि अंगठ्याचं चित्र पाठवून दिलं. सतरा दिवसांनी एक बाई मुलीला घेऊन प्रवेशासाठी आल्या. जिना चढून आल्या आल्या म्हणाल्या, “सर, खाली इंग्लिशचं स्पेलिंग चुकलंय.” मी समजुतीनं हसलो. मग खाली उतरून पाहिलं. एस आणि आयची अदलाबदल झाली होती. ‘परफेक्ट’ मात्र अचूक होतं. त्या बाईंनी मुलीला समोरच्या क्लासला घातलं.

त्या दिवशी मी फ्लेक्स उतरवला आणि ठरवलं, आता पत्र्याची पाटी, हातानं रंगवलेली, आणि नावही नवं. नाव मला मोबाईलनं दिलं. रोज सकाळी एक इंग्रजी शब्द पाठवणारं ॲप मी घेतलंय. ते मला शिकवतं आणि मी दुपारी तेच वर्गाला शिकवतो. त्या दिवशी आला ‘डेक्स्टरस’. अर्थ दिला होता, कुशल, हातखंडा असलेला. मी तो आरशासमोर चार वेळा म्हटला. तोंड भरल्यासारखं वाटलं. ‘डेक्स्टरस इंग्लिश’!

सुनंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, “लोकांना म्हणता तरी येईल का ते?”

“येणार नाही, म्हणूनच तर क्लासला येतील,” मी म्हणालो आणि त्याच उत्साहात पत्रकं छापायला टाकली. इस्माईल पेंटर मला भेटला तो पत्रकं छापून झाल्यावर.

विजापूर वेशीत एका चहाच्या टपरीशेजारी बाकडं आहे. तिथं तो बसतो. सत्तरीचा, काटकुळा, पांढरी शुभ्र दाढी, आणि मांडीवर ब्रशांचा पत्र्याचा डबा, एखादं मांजर धरावं तसा जपून धरलेला. सगळे त्याला चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हटलं, “चाचा, एक पाटी करायचीय.”

त्यानं कागद घेतला. हातभर लांब धरला. मान तिरकी केली.

“डे-क्स-ट-रस. अर्थ काय सर?”

“हुशार,” मी म्हणालो.

“हुशार म्हंजे स्मार्ट. मागं दोन पाट्या केल्यात स्मार्टच्या. हा येगळा दिसतोय.”

“कुशल.”

“हां. हातात कसब आसल्याला?”

“बरोबर. अगदी तेच.”

“मूळ काय?”

आता मला एक सवय आहे. वर्गात कुणी कुठल्याही शब्दाचं मूळ विचारलं की मी ‘लॅटिन’ म्हणतो. आजवर कुणी उलट विचारलेलं नाही. तेच इथं म्हणालो.

चाचानं मान हलवली. “लॅटिन तर गाव झालं सर. घर कुटलं?”

मी म्हणालो, उद्या सांगतो. तो म्हणाला, मग ब्रश बी उद्याच उचलतो.

चहावाल्यानं माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं आणि चहा देता देता चाचाच्या एकेक कथा सांगायला सुरुवात केली. एका साडीवाल्याला ‘एक्सक्लुझिव्ह’ लिहून हवं होतं. चाचानं मूळ काढलं, तर ‘बाहेर ठेवणारं, दार लावून घेणारं’ असं निघालं. चाचा दुकानात जाऊन मालकाला म्हणाला, “शेठ, बायका बाहेरनं वाचून तशाच परत जातील की!” मालक घाबरला. त्यानं ‘न्यू’ लिहून घेतलं. दाताच्या एका डॉक्टरांना चाचानं विचारलं, “तुमची खाट कुटाय?” कारण ‘क्लिनिक’चं मूळ म्हणे बिछान्यात. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडं खुर्चीच असते. चाचानं पाटी केली, पण खुर्चीवर बसून एकदा तिची पाठ पूर्ण मागं पडते की नाही ते बघून घेतलं, मगच. एका खाणावळवाल्याला त्यानं बजावलं, “मेस म्हंजे जेवण, पन मेस म्हंजे घोळ बी. इचार करा.” खाणावळवाला म्हणाला, “चाचा, आमच्यात दोन्ही मिळतं, लिहा.”

मला हे फार मजेदार वाटलं. दुसऱ्याच्या पाटीवरचं सगळंच मजेदार वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, कारण मला मूळ सापडलं नव्हतं. खरं म्हणजे मी शोधलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी चाचाच माझ्या क्लासवर आला. वर्ग चालू होता. दारातून म्हणाला, “सर, मोबाईलला इचारलं. त्यो म्हणतो, सूत, कापड, माग, गिरणी.”

“कशाचा अर्थ?”

त्यानं खिशातला मोबाईल तोंडाजवळ धरला आणि खालच्या चौकात ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडला, “डेक्स्टरस का मतलब बोलो!” मोबाईल क्षणभर थांबला आणि बाईच्या आवाजात हिंदीतून टेक्स्टाईलबद्दल माहिती सांगू लागला. सोलापूरच्या हवेत राहून मोबाईललाही दुसरं काही ऐकू येत नसावं. अख्खा वर्ग हसला. मीही हसलो आणि त्या हशात विषय संपवून टाकावा म्हणून म्हणालो, “चाचा, पाटी रंगवा हो, मूळ मागनं बघू.”

“मागनं कसं बगायचं? अक्षर निघून बसल्यावर?” तो गंभीरपणे म्हणाला आणि निघून गेला.

पाचव्या दिवशी त्याला घर सापडलं. वाचनालयातल्या एका बाईंनी मोठा शब्दकोश काढून वाचून दाखवला होता. चाचा आला तेव्हा वर्ग सुटला होता. माझ्यासमोरच्या बाकावर विद्यार्थ्यासारखा बसला. डबा बाजूला ठेवला आणि आपला डावा हात टेबलावर उताणा पसरला. लांब, बारीक बोटं. अंगठ्याच्या मुळाशी ब्रशाचा घट्टा.

“सर, या शब्दाचं मूळ म्हंजे उजवा. उजवा हात. उजव्या हातावानी चालणारा, म्हंजे कुशल.”

“वा!” मी म्हणालो. मला खरंच माहीत नव्हतं.

“मी डावखुरा हाय.”

तो सांगत राहिला. लहानपणी वळसंगच्या शाळेत डाव्या हातात पेन्सिल धरली की मास्तर छडी मारायचे. तिसरीत त्यानं शाळाच सोडली. पुढं एका पेंटरच्या हाताखाली राहिला. त्या उस्तादानं पहिल्या दिवशी विचारलं, कुठल्या हातानं काढतोस? यानं भीत भीत डावा पुढं केला. उस्ताद म्हणाला, मग त्याच हातानं काढ, फक्त शेवटच्या अक्षरापासून सुरू कर, म्हणजे ओला रंग पुसणार नाही. तेव्हापासून चाचा इंग्रजी आणि मराठी पाट्या उलट्या दिशेनं रंगवत आला. उर्दू तेवढी सरळ.

“पन्नास वर्सं या हातानं गावाला नावं दिली,” तो म्हणाला. “आन् आता ह्याच हातानं लिहू, की कसब फकस्त उजव्यात आसतंय?”

“चाचा, शब्दांचे अर्थ बदलतात. आता त्याचा हाताशी काही संबंध राहिला नाही.”

“शब्द इसरला आसंल. हात कसा इसरंल?” तो उठला. “जरा इचार करू द्या सर.”

मी घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, “मग दुसरा शब्द द्या त्यांना.”

“पत्रकं छापून झालीत.”

“छापायच्या आधी तुम्हाला त्याचा अर्थ माहीत होता?”

“ढोबळ.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, हातातल्या लाल पेननं कुणाच्या तरी गणितावर एक भली मोठी फुली मारली आणि पान उलटलं. ती फुली कुणासाठी होती हे मला कळलं.

मला वाटलं होतं, चाचा आता पाटी नाकारणार. पण तो रोज येऊ लागला. पाटीला हात लावायचा नाही, बाकावर बसायचा आणि आदल्या दिवशी काय सापडलं ते सांगायचा. एक दिवस म्हणाला, “इंग्रजीला का नावं ठेवायची? आमच्यात बी सीधा हात आन् उल्टा हात म्हणत्यात. म्हंजे मी जन्मजात उल्टा.” पुढच्या दिवशी म्हणाला, “तुमच्या मराठीत बी एकादा दुसऱ्यापेक्षा ‘उजवा’ ठरतो. डावा ठरल्याला कुनी ऐकलाय का?” त्याच्या पुढच्या दिवशी तर तो जिन्यातूनच हसत आला. वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं होतं, की तो लॅटिन शब्द आणि आपले ‘दक्ष’ आणि ‘दक्षिण’ हे शब्द फार जुन्या काळचे भाऊ आहेत. उगवतीकडं तोंड करून उभं राहिलं की दक्षिण उजव्या हाताला येते, म्हणून दक्षिण म्हणजे उजवीकडची.

“सर, वळसंग कुटल्या तालुक्यात?”

“दक्षिण सोलापूर.”

“म्हंजे तालुका उजवा आन् माणूस डावा!” तो इतका हसला, की त्याला ठसका लागला आणि मला पाणी आणावं लागलं. मीही हसलो. त्या दहा मिनिटांत मी इंग्रजीबद्दल जेवढं शिकलो, तेवढं ॲपनं वर्षभरात शिकवलं नव्हतं. तरी मनातल्या मनात मी मोजत होतो, आज नववा दिवस. समोरच्या क्लासनं फ्लेक्सवर दिव्यांची माळ सोडली होती. प्रवेशाचे दिवस चालले होते आणि माझ्या जिन्याच्या दारावर मी ठोकून घेतलेला कोरा पांढरा पत्रा. लोक वर येऊन विचारायचे, “इथं रंगाचं दुकान आहे का?”

अकराव्या दिवशी चाचा म्हणाला, “सर, आज जुन्या फ्रेंचातलं एक सापडलं...” आणि माझा तोल सुटला. आदल्याच तासाला दोन मुलींनी क्लास सोडल्याचं सांगितलं होतं. मी सगळ्या वर्गासमोर ओरडलो, “तुम्हाला पाटी रंगवायचीय की शब्दकोश लिहायचाय? येत नसेल तर सांगा. मी फ्लेक्स करून घेतो.”

‘फ्लेक्स’ म्हटल्यावर चाचाचा चेहरा बदलला. रागावला नाही. डबा उचलला, “चुकलं सर,” एवढं म्हणाला आणि जिना उतरून गेला. वर्गात कुणी हसलं नाही. मी फळ्यावर ‘पोलाइट’ या शब्दाची वाक्यं लिहायला घेतली होती. ती तशीच पुढं चालू ठेवली. असा माझा निगरगट्टपणा.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुनंदाला सांगायची सोय नव्हती, तरी सांगितलं. ती म्हणाली, “जाऊन या.” एवढंच. फुली मारायचीही तिला गरज वाटली नाही.

टपरीवर चाचा नव्हता. चहावाल्यानं घर दाखवलं. वेशीच्या मागच्या गल्लीत, एका खोलीचं. संध्याकाळचे पाच वाजले असतील. दार उघडं होतं. दाराजवळच्या खाटेवर एक बाई लसूण सोलत बसल्या होत्या. पाकळी बोटांनी चाचपायची, नखानं साल काढायची, वाटीत टाकायची. नजर मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडं गेलेली. त्यांना दिसत नव्हतं हे कळायला मला थोडा वेळ लागला.

“कौन?”

“मी... चाचांना भेटायचं होतं. पाटीसाठी.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “डेक्स्टरसवाले सर?”

माझ्यापेक्षा चांगला उच्चार होता. मी हो म्हणालो. त्यांनी मला बसायला लावलं. चाचा त्यांच्यासाठी साखरेच्या गोळ्या आणायला गेले होते. “शुगरच्या,” त्यांनी हसून दुरुस्ती केली. त्याच शुगरनं चार वर्षांपूर्वी डोळे नेले होते. नाव जुलेखाबी. बोलणं दख्खनी, माझ्यासाठी अधूनमधून मराठी घालत होत्या.

“हे पुस्तक बघा सर,” म्हणून त्यांनी उशीखालून एक जाडजूड, पुठ्ठा गेलेला शब्दकोश काढला. पानापानावर शब्दांपुढं पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या, आणि चाचाची शाळा तिसरीत सुटलेली. लग्न झालं त्या वर्षी एकदा चाचा घरी आला आणि म्हणाला, आज चार पाट्या केल्या. त्यांनी विचारलं, “क्या लिखे?” त्यानं शब्द सांगितले. “मतलब?” त्याला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, दिवसभर लिहितोस आणि काय लिहितोस ते माहीत नाही? तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला अर्थ विचारू लागला. संध्याकाळी येऊन सांगायचा. मूळ त्या शोधायच्या, या पुस्तकात. रात्रीची भाकरी होईस्तोवर हेच. चाळीस वर्षं.

“अब आँखां गए तो मूळ भी वोच ढूंढते,” त्या म्हणाल्या. “मेरेकू लाके सुनाते.”

मी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, “चाचांना कामं फार असतात ना, म्हणून पाटीला...”

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “काम नै सर. छे महिने से नै. वो बोलते नै, मैं पूछती नै. पहले कपड़ां धोती थी तो टर्पेंटाईन की बास आती थी. अब नै आती.”

गल्लीतून कुणीतरी सायकलवर गेलं. तो चाचा नाही, याची त्यांनी कानानं खात्री केली.

“सहा महिन्यांत तुमचा एकच शब्द आला घरात,” त्या मराठीत म्हणाल्या. “ग्यारा दिन चला. पहले दिन बोले, कुशल. दूसरे दिन बोले, लॅटिन गाव है, घर नै मिला. टेक्स्टाईलवाली बात पे तो मैं हंसती रही, हंसती रही. फिर हात निकला. उस दिन चुप थे. मैंच बोली, जाव, और ढूंढो.” त्यांनी वाटी बाजूला ठेवली. “परसों आके बोले, सर को घाई है, बरोबर है उनका. सर, बहुत जल्दी है क्या बोर्ड की?”

अकरा दिवस हा माणूस माझ्याकडं येऊन माझा वेळ खातो असं मी समजत होतो. तो माझ्याकडून रोज संध्याकाळचं काहीतरी घेऊन घरी जात होता, आणि मी ते वर्गासमोर बंद केलं होतं.

तेवढ्यात चाचा आला. मला बघून दारातच थबकला. गोळ्यांची पुडी खिशात घातली आणि घाईघाईनं म्हणाला, “सर, उद्या सकाळी येतो. करून टाकतो पाटी. शब्द चांगलाच हाय. आपलं नाव त्यात न्हाय एवढंच. त्याला काय धरून बसायचं?”

“उद्या नको,” मी म्हणालो.

त्याचा हात काखेतल्या डब्यावर गेला. त्याला वाटलं, मी फ्लेक्सचं सांगायला आलोय.

“पाटीवर अजून एक ओळ घालायचीय,” मी म्हणालो. खरं म्हणजे अशी कुठलीही ओळ नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ॲपशिवाय मला इंग्रजी शब्द शोधायचा होता, आणि डोकं कोऱ्या पत्र्यासारखं झालं होतं. खाटेवर त्या, दारात तो, मध्ये मी. तोंडातून निघालं, “कंपॅनियन. ‘युअर कंपॅनियन इन इंग्लिश’. खालच्या ओळीत.”

“अर्थ?” हे जुलेखाबींनी विचारलं.

“सोबती.”

“कं-पॅ-नियन,” त्यांनी हळूहळू म्हणून पाहिलं. चाचा खाटेच्या कडेला बसला. “याचं घर बी लॅटिनच आसंल काय?” तो म्हणाला. त्या म्हणाल्या, मधला तुकडा बघा, पॅन, तवा तर नसेल? तो म्हणाला, तवा कसा आसंल, सोबतीत तवा कुटला? मी उठलो. दोघांचंही माझ्याकडं लक्ष नव्हतं.

आठ दिवस गेले. समोरच्या क्लासची माळ लुकलुकत राहिली. नवव्या दिवशी दुपारी मी क्लास उघडायला गेलो तर चाचा शिडीवर उभा. पाटीच्या उजव्या टोकाकडून सुरुवात झाली होती. निळ्या रंगात, सावलीसकट, अशी अक्षरं मी सोलापुरात बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. वरची ओळ पूर्ण होती. ‘डेक्स्टरस’ त्यानं डाव्या हातानं काढला होता आणि त्याबद्दल एक शब्दही बोलला नाही. आता खालची ओळ चालू होती. चौकातले लोक थांबून उलट्या दिशेनं उगवणारी अक्षरं ओळखायचा प्रयत्न करत होते. मी शिडी धरली.

“घर सापडलं का?” मी विचारलं.

“भाकरी,” तो वळून न बघता म्हणाला. “वाचनालयातल्या बाईंनी काढलं. ‘संगं’ आन् ‘भाकरी’. एका भाकरीतलं दोघं खाणारे, ते सोबती.”

“चाचींना सांगितलं?”

ब्रश अक्षराच्या वळणावर होता. त्यानं आधी ते वळण पूर्ण केलं.

“डोळे गेल्यापासनं ती माज्यासमोर जेवत न्हवती सर. सांडतंय म्हणून. मी बाहीर गेलो की भिताडाकडं तोंड करून जेवायची. चार वर्सं मी जेवणाच्या टायमाला मुद्दाम बाहीर जातो.” त्यानं ब्रश रंगात बुडवला, कडेला निथळला. “परवा तिला ह्ये सांगितलं. मंग म्हणाली, आज एका ताटात वाडा.”

“मग?”

“सांडलं,” चाचा म्हणाला. “माजं बी सांडलं. जेवताना उजवाच हात लावायचा आसतोय. मी पयल्यांदाच डाव्या हातानं जेवलो. तिला कुटं दिसतंय?”

तो पुढच्या अक्षराकडं सरकला. शिडी किंचित हलली. मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. वर्गाची वेळ होऊन गेली होती. मुली जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वर बघत होत्या. मी त्यांना आत जायला सांगितलं नाही.